नास्तिकाशी वाद कसा करावा: गावातल्या सहा बैठकांचा आराखडा

गोव्यात चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या, आरतीनंतर सोप्यावर देव आहे की नाही हा विषय निघाला, तर तो साधारण दहा मिनिटांत संपतो. एकजण राखणदाराचा, म्हणजे गावाची राखण करणाऱ्या देवाचा, अनुभव सांगतो, दुसरा म्हणतो की विज्ञानाने हे सगळे केव्हाच निकालात काढले, मग कोणी वडीलधारा विषय मिटवतो आणि नेवऱ्यांचे ताट पुढे येते. कोणाचेच म्हणणे पुरे झालेले नसते. तेच बोलणे दीड तास नीट चालावे आणि उठताना प्रत्येकाला आपले मत आधीपेक्षा नेमके सांगता यावे, यासाठी हा आराखडा आहे.

तो तटस्थ नाही. नास्तिकतेपुढे तत्त्वज्ञानाचे काही खरे, न सुटलेले प्रश्न उभे आहेत आणि आध्यात्मिक जीवनाची बाजू तर्काने मांडता येते, असे मानूनच तो केला आहे. मात्र एक अट पहिल्या दिवसापासून पाळायची: नास्तिकाचे म्हणणे त्याला स्वतःला पटेल इतके चांगले मांडता येत नाही, तोवर त्याला उत्तर द्यायचे नाही. आपल्या जुन्या ग्रंथांची रीतच ही. आधी पूर्वपक्ष, म्हणजे समोरच्याचे म्हणणे, मग सिद्धांत, म्हणजे आपला निर्णय. चौदाव्या शतकातल्या माधवाचार्यांच्या सर्वदर्शनसंग्रहात पहिलेच प्रकरण चार्वाकांचे, म्हणजे देव आणि परलोक न मानणाऱ्या भौतिकवाद्यांचे आहे.

माणसे, जागा, वेळ

आठ ते बारा माणसे घ्या. त्यांतली किमान तीन खरोखर देव न मानणारी हवीत. ती मिळत नसतील तर बैठक सुरूच करू नका. श्रद्धाळू माणसाने नास्तिकाची भूमिका वठवली तर ती नकळत कमजोर होते आणि मग सगळेजण खोट्या विजयावर खूश होऊन घरी जातात.

जागा वाचनालयाची किंवा शाळेच्या वर्गाची बरी. देवस्थानाची अग्रशाळा (यात्रेकरूंची धर्मशाळा) मिळाली तरी चालेल, पण समितीला विषय स्पष्ट लिहून परवानगी मागा. देवळाचा सभामंडप टाळा. गर्भगृहासमोर बसून ‘देव नाही’ म्हणणे पाहुण्याला जड जाते, आणि वाड्यावरच्या ख्रिस्ती किंवा मुसलमान शेजाऱ्याला मोकळेपणाने येता येत नाही. खुर्च्या गोल मांडा, व्यासपीठ नको.

दर पंधरा दिवसांनी रविवारी साडेचार ते सहा ही वेळ ठेवा, म्हणजे शेवटची बस चुकत नाही. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात सुरुवात केली की सहा बैठका चवथीच्या आत होतात. दिवाळीनंतर जत्रा, चर्चची फेस्त आणि लग्ने यांत माणसे जमत नाहीत. पावसाळ्याच्या अडचणी दोन. पत्र्याच्या छपराखाली पाऊस लागला की समोरच्याचा शब्द ऐकू येत नाही, म्हणून स्लॅबची किंवा कौलारू जागा पाहा. वीज जाते, म्हणून प्रोजेक्टरवर काही अवलंबून ठेवू नका; चार्ज केलेले दोन दिवे, फळा आणि छापील कागद पुरतात.

दर बैठकीचा एक कागद, पाठपोट, सुमारे सहाशे शब्दांचा, चार दिवस आधी वाटा. पुढच्या बाजूला नास्तिक पक्ष, मागच्या बाजूला आस्तिक पक्ष, शब्दसंख्या सारखी. साहित्य पणजीला पाटोवरच्या कृष्णदास शामा मध्यवर्ती ग्रंथालयात मिळते. घरबसल्या मराठी विश्वकोशातल्या दर्शनांवरच्या नोंदी वाचता येतात. कागद मराठीत असेल आणि बोलणे कोंकणीत होईल. तसेच होऊ द्या, कोणाला भाषा बदलायला लावू नका. माणूस आपल्या बोलीत जास्त खरे बोलतो.

वाद, जल्प, वितंडा

न्यायसूत्रांत, म्हणजे आपल्या तर्कशास्त्राच्या मूळ ग्रंथात, चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत. सत्य शोधण्यासाठी दोन पक्ष प्रमाणांच्या, म्हणजे ज्ञानाच्या खात्रीच्या साधनांच्या, आधाराने बोलतात तो वाद. जिंकण्यासाठी बोलतात तो जल्प. स्वतःची बाजू काही मांडायचीच नाही, फक्त दुसऱ्याची पाडायची, ती वितंडा. हे तीन शब्द पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहा आणि सहाही बैठका ते पुसू नका. सूत्रधाराचे मुख्य काम म्हणजे बोलणे घसरले की त्या शब्दांकडे बोट दाखवणे.

सर्वांत जास्त उपद्रव वितंडेचा. नास्तिक ती करतो (‘तुम्ही सिद्ध करा, मला काही सिद्ध करायचे नाही’) आणि आस्तिकही करतो (‘विज्ञानाला तरी सगळे कुठे कळले आहे?’). उपाय एकच, शांतपणे विचारायचे: “बाब, तुमची प्रतिज्ञा काय? ती आधी सांगा.” प्रतिज्ञा म्हणजे सिद्ध करायचे विधान. त्यानंतर हेतू, म्हणजे त्याचे कारण, मग उदाहरण, मग ते उदाहरण इथे कसे लागू पडते तो उपनय, आणि शेवटी निगमन, म्हणजे निष्कर्ष. पाचही अवयव फळ्यावर मांडले की निम्मे वाद आपोआप मिटतात, कारण माणसाकडे हेतू नसून नुसती प्रतिज्ञाच आहे हे त्याचे त्यालाच दिसते.

दीड तासाची वाटणी अशी: कागदाचे वाचन १५ मिनिटे, पूर्वपक्ष २० मिनिटे, आणि तो आस्तिकानेच मांडायचा, नास्तिकाने ‘हो, हेच माझे म्हणणे’ म्हणण्यासाठी किंवा दुरुस्ती करण्यासाठी ५, उत्तरपक्ष २०, खुली चर्चा २५, आणि शेवटची ५ मिनिटे प्रत्येकाने आज काय बदलले किंवा का बदलले नाही ते एका ओळीत लिहिण्यासाठी. मधली पाच मिनिटे कधीही कापू नका. नास्तिक ‘नाही, हे माझे म्हणणे नव्हे’ म्हणाला तर पूर्वपक्ष पुन्हा मांडा, उत्तरपक्षाचा वेळ गेला तरी चालेल.

पहिली बैठक: चार चौकोन

फळ्यावर चार चौकोन काढा. एका बाजूला ‘जगाचा कर्ता ईश्वर मानतो’ आणि ‘मानत नाही’. दुसऱ्या बाजूला ‘देहमनापलीकडचे सत्य आहे, शिस्तीने त्याच्याजवळ जाता येते असे मानतो’ आणि ‘मानत नाही’. प्रत्येकाला चिठ्ठीवर आपला चौकोन लिहायला सांगा, नाव न घालता.

ईश्वर नाही पण अध्यात्म आहे, या चौकोनात सांख्य, जैन आणि बौद्ध बसतात, म्हणजे भारतीय विचाराचा फार मोठा भाग. गोव्याला तर हे एकाच घरात दाखवता येते. धर्मानंद कोसंबी १८७६ साली सांखवाळला जन्मले, बुद्धाचा धर्म समजून घ्यायला घर सोडून निघाले, आणि कर्ता ईश्वर न मानणाऱ्या त्या मार्गाच्या अभ्यासात त्यांनी आयुष्य घातले. त्यांचे पुत्र दामोदर, जन्म १९०७ चा, कोसबें गावातला. गणिती, इतिहासकार आणि पक्के भौतिकवादी. पणजीत २००८ पासून सुरू झालेला विचार महोत्सव त्यांच्याच नावाचा. बाप आणि लेक वेगवेगळ्या चौकोनांत आहेत, आणि दोघांपैकी कोणालाही भोळा किंवा उथळ म्हणता येत नाही.

या तक्त्याने दोन गैरसमज जातात. कर्त्या ईश्वरावर हल्ला केला म्हणजे अध्यात्म संपले, हा नास्तिकाचा. आणि भौतिकवाद अपुरा ठरला म्हणजे आमचा ग्रामदेव रवळनाथ सिद्ध झाला, हा आपला. दुसरा जास्त चिवट आहे. प्रत्येक बैठकीच्या शेवटी ‘आजच्या युक्तिवादाने नेमके किती मिळाले?’ हा प्रश्न विचारूनच उठा.

दुसरी बैठक: दिसते तेवढेच खरे?

पूर्वपक्ष चार्वाकाचा: प्रत्यक्ष, म्हणजे इंद्रियांना कळते ते, हेच प्रमाण. त्यावर जुने तत्त्वज्ञ वाचस्पती मिश्र यांचे उत्तर थोडक्यात असे: समोरचा माणूस अज्ञानी आहे, चुकतो आहे, हे तुला कसे कळले? त्याचे अज्ञान डोळ्यांना दिसत नाही. त्याच्या बोलण्यावरून तू ते ताडलेस, म्हणजे अनुमान केलेस. वाद घालायला बसणारा माणूस अनुमान नाकारूच शकत नाही. इथे प्रामाणिकपणे हेही सांगा की पुरंदर नावाच्या चार्वाकाने पुढे लौकिक गोष्टींपुरते अनुमान मान्य केले होते. म्हणजे हा पक्ष वाटतो तितका कच्चा नव्हता.

आजचे रूप: ‘प्रयोगाने तपासता येते तेवढेच ज्ञान.’ हे वाक्य फळ्यावर लिहा आणि ते कोणत्या प्रयोगाने तपासले, असे विचारा. इंग्रज तत्त्वज्ञ ए. जे. एअर यांनी १९३६ साली अशाच धर्तीचे तत्त्व जोरात मांडले. त्याला याच प्रश्नाने घेरले, आणि त्यातला बहुतेक भाग चुकीचा होता हे पुढे त्यांनीच कबूल केले. गणित, तर्काचे नियम, दुसऱ्याला मन आहे ही खात्री, यांतले काहीच प्रयोगशाळेतून आलेले नाही, आणि या तिन्हींवाचून प्रयोगशाळाही चालत नाही.

इथे बैठक बिघडते ती अशी: कोणीतरी आनंदाने म्हणतो, ‘म्हणजे विज्ञान चूक!’ त्याला लगेच थांबवा. उद्याच्या पावसाचा अंदाज पणजीतल्या आल्तिन्होच्या वेधशाळेकडूनच घ्यायचा आणि तापावर औषध डॉक्टरकडूनच. आज एवढेच मिळाले की ज्ञानाचे एकच दार नाही. दुसऱ्या दारामागे काही आहे की नाही, हे अजून कोणी दाखवलेले नाही.

तिसरी बैठक: जगाचे कारण

न्याय परंपरेतल्या उदयनाचार्यांच्या न्यायकुसुमांजलीतला प्रसिद्ध युक्तिवाद घ्या: पृथ्वी वगैरे गोष्टी कार्य आहेत, कार्याला कर्ता असतो, जसा घटाला कुंभार. याला जुना आणि फार धारदार प्रतिवाद सातव्या शतकातल्या बौद्ध धर्मकीर्तीचा आहे. मातीच्या आकाराला कुंभार लागतोच म्हणता, तर वारूळही मातीचाच आकार आहे. ते कुठल्या कुंभाराने केले?

गोव्यात हे उदाहरण जपून मांडावे लागते, कारण आपल्याकडे वारूळ म्हणजे रोयण, आणि रोयण म्हणजे सातेरी देवी. पण टाळू नका, उलट इथेच थांबा. सातेरीपुढे हात जोडणारी बाई कुंभाराचे अनुमान करून हात जोडत नाही. जमिनीतून आपसूक वर आलेल्या त्या मातीतच तिला पूज्य काही जाणवते. कारागिरावरून ईश्वर सिद्ध करण्याचा युक्तिवाद कोसळला तरी तिच्या भक्तीचा पाया हलत नाही, कारण तो तिथे कधी नव्हताच. ही गोष्ट नास्तिकाने समजून घेण्यासारखी आहे, आणि आस्तिकानेही.

उदयनाहून बळकट धागा दुसरा आहे. जर्मन तत्त्वज्ञ लायब्निझने १७१४ साली विचारले: काहीच नसण्याऐवजी काहीतरी आहे, ते का? जगातली प्रत्येक वस्तू अशी की ती नसतीही तरी चालले असते. अशा वस्तूंची साखळी कितीही लांब केली, अगदी अनादी केली, तरी ही अख्खी साखळी का आहे हा प्रश्न तसाच उरतो. म्हणून ज्याचे असणे दुसऱ्या कशावरही टेकलेले नाही असा आधार मानावा लागतो.

इथे दोन चुका ठरलेल्या. पहिली, प्रतिज्ञा ‘प्रत्येक गोष्टीला कारण असते’ अशी लिहिली जाते. मग ‘ईश्वराचे कारण काय?’ हा प्रश्न बरोबर लागू पडतो. फळ्यावर ते वाक्य दिसले तर पुसा आणि लिहा: ‘जे नसूही शकले असते, त्याला आधार लागतो.’ दुसरी, महास्फोटाचा सिद्धांत पुरावा म्हणून आणला जातो. या युक्तिवादाला जगाची सुरुवात लागतच नाही. आपले आचार्य सृष्टीचे चक्र अनादी मानूनच बोलत होते.

नास्तिकाचे सर्वोत्तम उत्तर बर्ट्रांड रसेलचे. १९४८ साली बीबीसीवर फादर कोपलस्टन यांच्याशी झालेल्या वादात त्यांनी सांगितले की विश्व आहे, बस्स, त्याला पुढे स्पष्टीकरण नाही. हे हसण्यावारी नेऊ नका. कुठेतरी थांबावे दोघांनाही लागते. प्रश्न एवढाच, की जे नसूही शकले असते अशा ठिकाणी थांबणे जास्त समाधानकारक, की जे नसूच शकत नाही अशा ठिकाणी? आमचा कल दुसऱ्याकडे आहे. पण त्यातून मिळतो तो एक आधार. तो दयाळू आहे की नाही, नवस ऐकतो की नाही, हे यातून काहीच कळत नाही.

विश्वाचे स्थिरांक जीवसृष्टीला नेमके जुळलेले आहेत हा युक्तिवाद बैठकीत भौतिकशास्त्र जाणणारा कोणी असेल तरच घ्या. हायड्रोजनचे हेलियम होताना वस्तुमानाचा ०.००७ भाग ऊर्जा होतो; तो ०.००६ किंवा ०.००८ असता तर आपण नसतो, असे खगोलशास्त्रज्ञ मार्टिन रीस दाखवतात. पण ते स्वतः त्यावरून ईश्वराकडे जात नाहीत, आणि अनेक विश्वांच्या कल्पनेने याला उत्तर देता येते.

चौथी बैठक: चैतन्य

नास्तिकाची खरी अडचण इथे आहे. सर्वांत जास्त तयारी या बैठकीची करा. एका रविवारात पुरत नसेल तर जादा रविवार घ्या.

पूर्वपक्ष चार्वाकाचाच, आणि त्याचे उदाहरण गोव्यात समजावून सांगावे लागत नाही: जसा किण्वातून, म्हणजे आंबवणातून, मद उपजतो, तसे भूतांच्या, म्हणजे जड तत्त्वांच्या, मिश्रणातून चैतन्य. काजूच्या बोंडांच्या ताज्या रसात नशा नसते. तो आंबला, भट्टीवर चढला, की उर्राक होते, फेणी होते. नशा बाहेरून कोणी आणून घातलेली नसते. मेंदूतही तसेच. आधुनिक नास्तिक यात भर घालतो: भूल दिली की जाणीव जाते, मेंदूला इजा झाली की स्वभाव बदलतो, अल्झायमरमध्ये आठवणी पुसल्या जातात. आत्मा वेगळा असता तर असे का झाले असते? हा पक्ष पूर्ण वीस मिनिटे, जोर लावून मांडा.

उत्तराची पहिली पायरी फेणीच्याच उदाहरणात आहे. रसातली साखर यीस्टमुळे मद्यार्क होते. ही क्रिया रसायनशास्त्राने सांगितली की बाटलीतल्या द्रवाबद्दल सांगायचे काही राहत नाही. पण बाटलीला नशा येत नाही. नशा ‘येते’ ती पिणाऱ्याला, त्याच्या जाणिवेत. ज्याचे स्पष्टीकरण करायचे तेच उदाहरणात गुपचूप धरलेले आहे. मद्यार्क आणि ‘मला चढली आहे असे वाटणे’ या दोन गोष्टी फळ्यावर वेगळ्या लिहा. पहिली बाहेरून मोजता येते, दुसरी ज्याची त्यालाच.

दुसरी पायरी आजच्या तत्त्वज्ञांची. थॉमस नागेल यांनी १९७४ साली विचारले की वटवाघूळ असणे हे वटवाघळाला कसे वाटते. त्याच्या मेंदूची सगळी माहिती मिळाली तरी ते कळत नाही. डेव्हिड चाल्मर्स यांनी १९९५ साली हाच प्रश्न नेमका केला: मेंदू माहिती कशी हाताळतो हे सांगता येईल, पण ते होताना काही ‘वाटते’ का, हे त्यातून निघत नाही. मेंदूवैज्ञानिक क्रिस्टॉफ कॉख यांनी १९९८ साली चाल्मर्सशी पैज लावली होती की पंचवीस वर्षांत जाणिवेची मेंदूतली खूण सापडेल. २०२३ साली त्यांनी हार मान्य केली. ही गोष्ट सांगा, पण लगेच जोडा की पैज हरणे म्हणजे आत्मा सिद्ध होणे नव्हे. नागेल आणि चाल्मर्स, दोघेही ईश्वरवादी नाहीत. म्हणूनच त्यांच्या शंकेचे वजन जास्त.

मेंदूच्या इजेच्या आक्षेपाला शंकराचार्यांचे ब्रह्मसूत्रभाष्यातले (३.३.५४) उत्तर आजही ताजे आहे. दिवा असला की दिसते, नसला की दिसत नाही. म्हणून पाहणे हा दिव्याचा गुण ठरत नाही, दिवा पाहण्याचे साधन आहे. तसाच देह उपलब्धीचे, म्हणजे जाणण्याचे, साधन असू शकतो. साधन बिघडले की काम बिघडणारच.

आता नास्तिकाला पूर्ण वाव द्या, कारण त्याच्याकडे चांगला प्रतिवाद आहे. एके काळी जीव म्हणजे वेगळी प्राणशक्ती असे शास्त्रज्ञही मानत. रसायनशास्त्र वाढत गेले, १९५३ साली डीएनएची रचना कळली, आणि त्या शक्तीची गरज उरली नाही. चैतन्याचेही तसेच होईल. याला उत्तर असे: जीवनात समजावून सांगायच्या गोष्टी म्हणजे वाढ, पोषण, प्रजनन, या सगळ्या क्रिया, आणि क्रियांचे स्पष्टीकरण यंत्रणेने होते. वाटणे ही क्रिया नाही. डॅनियल डेनेटसारखे विचारवंत म्हणतात की क्रियांपलीकडे काही उरते हाच भ्रम. त्यावर एवढेच विचारायचे: भ्रम कोणाला होतो? आणि दिव्याचा दृष्टांत फक्त शक्यता दाखवतो, वस्तुस्थिती नव्हे, हे आपण स्वतःहून कबूल करायचे.

निष्कर्ष लिहिताना हात आवरा. भौतिकवाद सिद्ध झालेला नाही आणि चैतन्य हा जगाचा मूलभूत भाग असू शकतो, एवढे या बैठकीत कमावता येते. पुनर्जन्म यातून सिद्ध होत नाही, भुतेखेते तर नाहीतच.

पाचवी बैठक: दुःख

ही बैठक नास्तिकाची. पूर्वपक्षही त्यालाच मांडू द्या. प्रश्न आपल्याकडे ब्रह्मसूत्रांपासून आहे: ईश्वर जगाचा कर्ता असेल तर त्याला वैषम्य (पक्षपात) आणि निर्दयता हे दोष लागतात (२.१.३४). तत्त्वज्ञ विल्यम रो यांचे १९७९ मधले उदाहरण कागदावर द्या: रानातल्या वणव्यात होरपळून, कोणाच्याही नकळत, दिवसेंदिवस तडफडून मरणारे हरणाचे पाडस. त्या वेदनेतून कोणते भले साधते?

माणसाला इच्छास्वातंत्र्य हवे म्हणून दुष्टपणा शक्य ठेवला, हे उत्तर पाडसाला लागू पडत नाही. दुःख हे पूर्वीच्या कर्माचे फळ, हे उत्तर ब्रह्मसूत्रांनीच दिले आहे आणि तर्काला ते सुसंगत आहे, पण दुःखी माणसासमोर ते उच्चारणे क्रूर आहे. सर्वशक्तिमान आणि दयाळू अशा कर्त्यावर हा आघात खरा बसतो, हे मान्य करा. मग पहिल्या बैठकीतले चौकोन दाखवा: बुद्धाच्या मार्गात दुःख हा आक्षेप नाही, तिथूनच सुरुवात आहे.

दुसऱ्याच्या घरातल्या मृत्यूचे उदाहरण देण्यास सक्त मनाई ठेवा. वर्षभरात ज्यांच्या घरी कोणी गेले आहे, त्यांना आदल्या आठवड्यात भेटून विषय सांगा आणि न येण्याची मोकळीक द्या.

वेळ उरला तर नीतीचा प्रश्न घ्या. निरागस मुलाचा छळ सगळ्यांनी मान्य केला तरी तो वाईटच ना? मग ते वाईटपण जगात कुठे असते? जे. एल. मॅकी या नास्तिक तत्त्वज्ञाने १९७७ साली म्हटले की भौतिक जगात अशी मूल्ये फार विचित्र वस्तू ठरतील, म्हणून ती नाहीतच. पण ‘नास्तिकाला नीती नसते’ असे कोणी म्हणाले तर सूत्रधाराने तिथल्या तिथे खोडून काढावे. ते खोटे आहे, आणि समोर बसलेल्या माणसाचा अपमान आहे.

सहावी बैठक: अनुभव, आणि करून पाहणे

कौलप्रसादाचा विषय इथे येणारच. देवाच्या पाषाणाला पाण्याने पाकळ्या लावतात, उजवी पडली की होकार, डावी पडली की नकार. पुरावा म्हणून हा हेतू सव्यभिचार आहे, म्हणजे तो एकाच निष्कर्षाकडे नेत नाही: पाणी सुकले की पाकळी कोणती ना कोणती पडतेच, आणि खरा ठरलेला कौल लक्षात राहतो, खोटा ठरलेला विसरला जातो. गावाला एकत्र आणून निर्णय घेण्याची रीत म्हणून कौलाची किंमत वेगळी आहे. ती मोडीत काढायला ही बैठक नाही. जुन्या गोव्यातल्या सायबाच्या (सेंट फ्रान्सिस झेवियरच्या) अवशेषांबाबतही तेच, ना पुरावा म्हणून आणा, ना चेष्टेसाठी.

आध्यात्मिक अनुभवाची बाजू चमत्कारांवर नव्हे, शांत साक्षींवर उभी करा. मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनी १९०२ साली अशा अनुभवांच्या चार खुणा नोंदवल्या: शब्दांत न मावणे, काही कळल्याची खात्री, क्षणिकता, आणि आपण ते घडवले नाही ही भावना. अठराव्या शतकातल्या नाथपंथी सोहिरोबानाथ आंबियांच्या पदांत या खुणा शोधायला सांगा. ‘हे सगळे मेंदूत घडते’ या आक्षेपाला उत्तर सोपे: माड दिसतो तेव्हाही मेंदूत काही घडतेच, त्याने माड खोटा ठरत नाही. कठीण आक्षेप हा, की निरनिराळ्या धर्मांचे अनुभव एकमेकांशी जुळत नाहीत. त्यांच्या वर्णनांत देवतांची नावे वेगळी असतात, पण ‘मी’पणा सैल होणे बहुतेकांत सारखे आढळते, आक्षेप याने पुरता सुटत नाही, हलका होतो.

ज्यांची तयारी असेल त्यांनी ४१ दिवसांची साधना करावी. सकाळी एकाच जागी २० मिनिटे. नामस्मरण, श्वासावर लक्ष किंवा मौन प्रार्थना, यांपैकी एकच घ्या आणि मध्ये बदलू नका. नास्तिकाने श्वासावर लक्ष हा प्रकार निवडावा, त्याला काहीही मानावे लागत नाही. वहीत रोज दोनच नोंदी: किती मिनिटे बसलो, आणि आज राग आला तेव्हा काय केले. ‘काय दिसले’ हा रकाना ठेवू नका, तो ठेवला की माणसे दिसल्यासारखे लिहू लागतात. सुरुवातीला आणि शेवटी घरातल्या एका माणसाला विचारा, माझ्या वागण्यात काही फरक आहे का; त्याचे उत्तर जसेच्या तसे उतरवा.

दुसऱ्या आठवड्यात कंटाळा येतो आणि बहुतेकजण तिथेच सोडतात. वेळ वाढवून तो जात नाही. उलट दोन दिवस १० मिनिटांवर या आणि पुन्हा २० करा. एक दिवस चुकला तर मोजणी पहिल्यापासून सुरू करू नका, चुकला असे लिहा. ज्यांना चिंतेचा किंवा नैराश्याचा विकार आहे त्यांनी डोळे मिटून बसण्याऐवजी सावकाश चालावे; डॉक्टरांचे औषध कोणीही बंद करायचे नाही, सूत्रधाराने हे तोंडी सांगून शिवाय कागदावरही छापावे.

४१ दिवसांनंतर एकदा जमा. ‘काहीच बदलले नाही’ असे कोणी म्हणाला तर ‘श्रद्धा कमी पडली’ हे उत्तर देऊ नका. त्याने प्रयोगच निरर्थक होतो, कारण मग कोणताही निकाल आपल्याच बाजूचा ठरतो. ‘मन शांत झाले, पण त्याला ईश्वर कशाला?’ असे नास्तिक म्हणाला तर तो बरोबर बोलतो आहे: या साधनेने कर्त्या ईश्वराची परीक्षा होत नाही, शिस्तीने जाणिवेत काही उघडते का याची होते. वह्या गोळा करू नका, वाचून दाखवायची सक्तीही नको.

सहाही बैठकांत एका गोष्टीवर नजर ठेवा: मोठ्या नावांचा आधार. ‘आइन्स्टाइन देव मानत होते’ असे कोणी म्हणाला तर सांगा की १९२९ साली त्यांनी स्पिनोझा या तत्त्वज्ञाचा ईश्वर मानतो असे कळवले होते, माणसांच्या कर्मांत लक्ष घालणारा नव्हे. अँटनी फ्ल्यू हे नामांकित नास्तिक २००४ साली ईश्वराकडे वळले, पण तोही हेतू नाही. क्वांटमचे नाव घेऊन आत्मा सिद्ध करणारे फोनवरचे संदेश आले तर ते पाठवणाऱ्यालाच फळ्यावर पाच अवयवांत मांडायला द्या.

पुढच्या पावसाळ्यात बैठका पुन्हा घ्यायच्या असतील तर सूत्रधार नास्तिकांपैकी एकाला करा आणि कागद लिहिण्याचे काम जोडीने द्या, प्रत्येक जोडीत एक मानणारा आणि एक न मानणारा. मजकूर दोघांच्याही सहीशिवाय छपाईला जाऊ नये.